जुन्या लढाऊ विमानातला लूप: एंट्री स्पीडच्या पुढचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही इंग्लंडमध्ये नोकरीला आहात, बुलडॉग या छोट्या प्रशिक्षण विमानावर हवाई कसरती शिकलात, लूप (वर जाऊन, उलटं होऊन, खाली येत मारलेला उभा गोल) आणि रोल (विमान स्वतःच्या लांबीभोवती फिरवणं) आता हातात बसलेत. पुढे हार्वर्डवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या प्रशिक्षण विमानावर जायचंय, आणि जमलं तर एक दिवस स्पिटफायर, त्याच काळातलं ब्रिटिश लढाऊ विमान. तुम्ही विचारता, ‘लूप तर सगळ्यात आधी शिकवतात. जुन्या लढाऊ विमानात तोच लूप जास्त वेगाने मारायचा, एवढाच फरक ना? मग एंट्री स्पीड, म्हणजे लूपमध्ये शिरतानाचा वेग, किती धरायचा? आणि लूप इतका सरळ असेल, तर २०१५ साली इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या एअर शोमध्ये इतक्या अनुभवी वैमानिकाचा लूप पूर्ण का झाला नाही?’

एंट्री स्पीड सांगतो, त्यात गुपित काही नाही. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती तुम्ही विचारलेली नाही. लूपचा पहिला अर्धा भाग तुम्हाला जमिनीपासून लांब नेतो. तिथे हात चुकला तर वेग मरतो, गोल बिघडतो, बघणाऱ्यांना कळतं, पण सहसा तेवढ्यावर भागतं. दुसरा अर्धा भाग सरळ जमिनीकडे येतो. म्हणजे वरच्या टोकाला, तुम्ही उलटे असताना, एक निर्णय घ्यावाच लागतो: ओढायचं, म्हणजे स्टिक (विमान चालवायचा दांडा) मागे घेत लूप पूर्ण करायचा, की बाहेर पडायचं. तो कोणत्या आकड्यांवर घ्यायचा आणि आकडे जुळले नाहीत तर हातापायांनी नेमकं काय करायचं, हे उड्डाणाआधी पक्कं आहे का? माझ्या मते लूप सुरक्षित आहे की नाही हे इथे ठरतं. बुलडॉगवर पाच हजार फुटांवर शिकताना हा निर्णय कधी अंगावरच येत नाही, म्हणून तो आहे हेही लक्षात येत नाही.

मी हे कुठून बोलतोय ते सांगतो. भारतीय हवाई दलात मी हंटर हे ब्रिटिश बनावटीचं लढाऊ जेट उडवलं, नंतर शिकवलं. निवृत्तीनंतर इंग्लंडला आलो आणि इथे हार्वर्ड आणि दोन आसनी स्पिटफायर उडवत, नव्या लोकांना या विमानांवर तयार करत आलोय. त्यामुळे जेट आणि पंखा (प्रोपेलर), दोन्हींचे लूप मला सवयीचे आहेत.

आधी एक गोष्ट साफ करतो. खाली जे आकडे येतील ते कारण समजावं म्हणून आहेत, खिशात टाकून विमानात बसावं म्हणून नाहीत. विमान कोणतं, त्याचं कोणतं मार्क (आवृत्ती), इंजिन कोणतं, टाकीत इंधन किती, दिवस किती गरम, तुम्ही पाच हजार फुटांवर स्वतःच्या आनंदासाठी लूप मारताय की प्रेक्षकांसमोर खाली, यावर सगळं बदलतं. तुमचे आकडे त्या विमानाच्या पायलट्स नोट्समधून (वैमानिकासाठीच्या अधिकृत पुस्तिकेतून) आणि तुम्हाला त्या विमानावर सोडणाऱ्या माणसाकडून यायला हवेत.

आता वेग. मर्लिन इंजिनाच्या सुरुवातीच्या स्पिटफायरच्या युद्धकाळातल्या नोट्समध्ये लूपसाठी ताशी ३०० मैलांच्या आसपास वेग सांगितलाय, आणि पुढे असंही म्हटलंय की हात पूर्ण बसल्यावर तो २२० ते २४० पर्यंत उतरवता येईल. ३०० मैल म्हणजे साधारण २६० नॉट. तुमचा बुलडॉग १२० नॉटला लूपमध्ये शिरतो. वेग दुपटीहून थोडा जास्त झाला, म्हणजे लूपही दुपटीचा असं वाटतं, आणि चूक तिथेच होते. तेवढाच जी (वजनाच्या किती पट भार) ओढला तर वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. २६० भागिले १२०, त्याचा वर्ग, म्हणजे साडेचारपटीहून जास्त. बुलडॉगचा लूप चार-पाचशे फुटांत मावतो. स्पिटफायरला अंदाजे दोन हजार फूट धरून चाला. हंटरसारखं जेट तीन हजारांच्या वर जातं. बुलडॉगमध्ये तुमच्या डोळ्यांना ‘एवढी उंची पुरेल’ अशी जी सवय लागलीय ती या विमानांत उपयोगाची नाही. उलट ती अडचणीची आहे, कारण ती बरोबर असल्यासारखी वाटते.

एंट्री स्पीड सगळेच विचारतात म्हणून एक सांगतो. कमी वेगाने शिरलात तर वर पोहोचेपर्यंत वेग संपतो. जास्त वेगाने शिरलात तर लूप मोठा होतो, वेळ जास्त लागतो, आणि दुसऱ्या भागात वेग फार चढला तर जुन्या सांगाड्यावर ताण येतो. म्हणून आकडा पाळायचाच. पण एंट्री स्पीड हा फक्त हेतू आहे. तो बरोबर होता म्हणून वरची उंची बरोबर येईलच असं नाही. तुम्ही किती जोरात ओढलंत, थ्रॉटल (इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा) कुठे होता, वारा कसा होता, हे सगळं मध्ये येतं. निकाल वरच कळतो.

स्पिटफायरचा लूप आतून कसा असतो ते बघू. खाली रस्ता किंवा धावपट्टी अशी एक सरळ रेषा निवडायची, कारण उलटं झाल्यावर दिशा सांगणारं दुसरं काही नसतं. हॅसेल चेक तुम्हाला पाठ असतीलच: उंची, विमानाची स्थिती, पट्टे आणि सुट्या वस्तू, इंजिन, जागा, आजूबाजूला नजर. आरपीएम (इंजिनाचे फेरे) आणि बूस्ट (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) डाइव्हच्या आधी ठरवून ठेवायचे, मध्ये हात घालायचा नाही. नाक खाली घेतलं की वेग चढतो आणि स्टिक हाताला ढकलायला लागते. इथे ट्रिम (स्टिकवरचा जोर हलका करणारं चाक) फिरवून आराम मिळवायचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर वर वेग मेल्यावर ट्रिम उलट कामाला लागतं.

मग ओढणं. स्पिटफायरचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) फार हलका आहे, दोन बोटांनी हलेल इतका. त्याच वेगाला एलेरॉन (विमान रोल करणारे पंखांवरचे भाग) मात्र जड झालेले असतात. हार्वर्डवरून येणारा माणूस सवयीने जोर लावतो आणि जी मीटरचा काटा हवा त्याच्या पुढे जातो. आम्ही साडेतीनच्या आसपास थांबतो. ओढ एकदम नको, हळूहळू चढवत न्यायची. क्षितिज नाकाखाली गेलं की समोर फक्त आकाश असतं, म्हणून नजर पंखांच्या टोकांवर टाकायची, डावं, उजवं, दोन्ही क्षितिजाशी सारखा कोन करतायत का बघायचं. नाक सरळ वर गेलं की डोकं मागे टाकायचं, अगदी हूडला टेकेपर्यंत, आणि वरून येणारं क्षितिज शोधायचं. ते दिसलं की ओढ सैल करायची, कारण वेग अर्ध्याहून खाली आलेला असतो आणि आधीचीच ओढ चालू ठेवली तर गोल चिमटतो, पंख थरथरायला लागतो.

हे थरथरणं स्पिटफायरची मोठी देणगी आहे. त्याच्या पंखाला मुळापासून टोकापर्यंत किंचित पीळ दिलाय, त्यामुळे मुळाकडचा भाग आधी स्टॉल होतो, म्हणजे हवेवरची पकड सोडतो, टोकाकडचा हवेला धरून राहतो आणि एलेरॉन काम करत राहतात. मुळाकडची विस्कटलेली हवा शेपटीवर आदळते आणि विमान तुमच्या हाताला आधी सांगतं. हार्वर्ड असं सांगत बसत नाही. जरा जास्त ओढलं की एक पंख झटक्यात टाकतं. अमेरिकन, ब्रिटिश आणि भारतीय, सगळ्यांनी लढाऊ वैमानिक घडवायला हार्वर्ड वापरलं त्यात या स्वभावाचा वाटा आहे, आणि तुम्ही आधी त्यावर जाताय हे मला मनापासून पटतं.

आता पाय, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारे रडरचे पेडल. बुलडॉगमध्ये लूपभर पाय जवळजवळ झोपलेले असले तरी चालतं. हजार अश्वशक्तीच्या वरच्या इंजिनात चालत नाही. मर्लिनचा पंखा कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो. वेग उतरायला लागला आणि ताकद तेवढीच राहिली की नाक डावीकडे सरकतं, म्हणून वर जाताना उजवा पाय वाढवत न्यायचा. खाली येताना वेग चढेल तसा तोच पाय परत काढायचा. त्यात ओढायला सुरुवात करताना पंख्याचा जायरो परिणाम नाकाला क्षणभर उजवीकडे ढकलतो, म्हणजे पहिल्या दोन-तीन सेकंदांत पायाचं काम वेगळं आणि नंतर वेगळं. हे वाचून येत नाही, बॉलकडे (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या गोळीकडे) बघत बघत अंगात मुरतं. आणि ग्रिफन इंजिनाचं स्पिटफायर असेल तर पंखा उलटा फिरतो. विमानाचं नाव तेच, कॉकपिटही बरंचसं तेच, पण जिथे उजवा पाय हवा तिथे डावा. मर्लिनच्या सवयीने ग्रिफनमध्ये वर पोहोचलेला माणूस टोकाला, सगळ्यात कमी वेगात, चुकीच्या पायावर असतो. तिथून फिरकीत (स्टॉल होऊन गरगरत खाली पडण्यात) पडायला फार काही लागत नाही.

इंजिनाबद्दल आणखी एक. गोल छान दिसावा म्हणून काही जण वर इतकं सैल सोडतात की विमान तरंगतं, जी शून्याजवळ येतो. सुरुवातीच्या मर्लिनमध्ये फ्लोटचा कार्ब्युरेटर होता आणि निगेटिव्ह जी आला की इंजिन दम टाकायचं. जर्मन मेसरश्मिटमध्ये इंधन थेट इंजेक्ट होत असल्याने ते नाक खाली दाबून निसटायचे आणि मागच्या ब्रिटिश वैमानिकाचं इंजिन ऐनवेळी खोकायचं. फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतल्या अभियंता बिअॅट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये इंधनाच्या वाटेत एक छोटी भोकाची चकती बसवून यावर तात्पुरता पण फार मोलाचा इलाज केला. पुढे कार्ब्युरेटर बदलले. तरी तेलाचा प्रश्न उरतोच: शून्य जीमध्ये टाकीतलं तेल जागेवर राहत नाही, प्रेशर पडतं. ऐंशी वर्षांच्या इंजिनाला हे देऊ नये. वर थोडा तरी पॉझिटिव्ह जी राहू द्या, गोल थोडा बिघडला तरी चालेल.

विमानागणिक अशा अटी बदलतात. पी-५१ मस्टँगमध्ये वैमानिकाच्या मागे ८५ अमेरिकन गॅलनची टाकी आहे. तीत ४० गॅलनपेक्षा जास्त असेल तर कसरती करायच्या नाहीत असा नियमच होता, कारण वजन मागे गेलं की ओढताना स्टिकचा जोर उलटतो: तुम्ही ओढायच्या आधी विमानच नाक आत घेतं. आज उडणाऱ्या बऱ्याच मस्टँगमधून ती टाकी काढलेली असते, पण ‘काढली असेल’ असं धरून चालू नका, उघडून बघा.

आता मुख्य मुद्दा, वरचं टोक. आम्ही त्याला गेट म्हणतो. प्रत्येक विमानासाठी लूपच्या टोकाला दोन आकडे ठरलेले असतात: किमान उंची आणि वेगाचा पट्टा. क्षितिज वरून येताना दिसलं की नजर आत, अल्टिमीटर आणि एअरस्पीड. दोन्ही जुळले तर ओढायचं. एक जरी जुळलं नाही तर ओढायचं नाही. मध्ये ‘होऊन जाईल’ अशी जागा ठेवायची नाही.

उंची कळते, पण वेग कशाला बघायचा? कारण खाली येताना तुम्ही किती जी ओढू शकता हे वेगावर ठरतं. समजा विमान सरळ उडताना ८० नॉटला स्टॉल होतं. दोन जीला ते ११३ नॉटला स्टॉल होईल आणि चार जीला १६० ला. म्हणजे टोकाला वेग शंभरच्या आसपास असेल तर स्टिक पोटात घेतली तरी दोन जीसुद्धा मिळणार नाहीत, फक्त थरथर मिळेल. आधी नाक खाली पडून वेग यावा लागतो आणि तो येईपर्यंत उंची जात असते. टोकाला वेग फार जास्त असेल तर उलट अडचण: गोल मोठा होतो आणि तरीही उंची जास्त जाते. म्हणून वेगाला वरचीही मर्यादा आहे आणि खालचीही.

या चष्म्यातून शोरहॅम बघा. २२ ऑगस्ट २०१५ ला हॉकर हंटर टी-७ हे दोन आसनी जेट वाकडा लूप, म्हणजे वर जाताना दिशा बदलून मारलेला लूप, पूर्ण करू शकलं नाही आणि ए-२७ रस्त्यावर कोसळलं. ११ माणसं गेली. रस्त्यावरची आणि रस्त्याकडेची माणसं, त्यांचा त्या कसरतीशी काही संबंध नव्हता. हे मी कधी विसरत नाही आणि तुम्हीही विसरू नका. वैमानिक गंभीर जखमी होऊन वाचला, त्याच्यावर खटला चालला आणि २०१९ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. दोष कुणाचा हा माझा विषय नाही. आकडे मात्र ब्रिटिश अपघात तपास शाखेच्या २०१७ च्या अहवालात आहेत आणि ते प्रत्येक लूप मारणाऱ्याला माहीत असायला हवेत.

ओढायला सुरुवात झाली तेव्हा विमान जमिनीपासून सुमारे १८५ फुटांवर होतं, कसरतींसाठी परवानगी ५०० फुटांची होती. वेग ३१० नॉटच्या आसपास होता, हवा होता ३५०. वर जाताना इंजिनाची पूर्ण ताकद लावलेली नव्हती. या तिन्हींची बेरीज टोकाला दिसते: उंची सुमारे २७०० फूट, हवी होती किमान ३५००. वेग जवळपास १०५ नॉट, हवा होता दीडशेच्या आसपास. म्हणजे दोन्ही आकडे जुळत नव्हते. तरी दुसरा अर्धा भाग सुरू झाला.

अहवालातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट यापुढची आहे. तपासासाठी दुसऱ्या हंटरवर चाचण्या घेतल्या, तेव्हा दिसलं की टोक ओलांडल्यावर सुमारे चार सेकंदांपर्यंत विमान गुंडाळून, म्हणजे रोल करून, सरळ करता आलं असतं आणि बाहेर पडता आलं असतं. वाट होती. पण हंटरमध्ये अशा लूपमधून बाहेर कसं पडायचं याचं रीतसर प्रशिक्षण त्या वैमानिकाला मिळालेलं नव्हतं आणि ते त्याला येतं का हे कुणी तपासलंही नव्हतं. तो इतर प्रकारची विमानंही उडवत होता, आणि दुसऱ्या विमानाचा आकडा मनात आला असण्याची शक्यताही अहवालाने मांडलीय.

तुमच्या ‘इतका अनुभवी माणूस असून’ या शब्दांना माझं उत्तर इथे आहे. अनुभव हा विमानागणिक असतो. आमच्या भारतीय हवाई दलातलं हंटर टी-६६ आणि हे टी-७, दोन्ही दोन आसनी, बाहेरून सारखीच. पण टी-६६ मध्ये एव्हॉन इंजिनाची दोनशे मालिका होती, सुमारे दहा हजार पौंडांचा जोर. टी-७ मध्ये आधीची शंभर मालिका, जोर बराच कमी. माझ्या हातात बसलेले टी-६६ चे आकडे मी टी-७ मध्ये वापरू शकत नाही, नाव हंटर असलं तरी. जो माणूस शनिवारी जेट, रविवारी स्पिटफायर आणि मधल्या वारी स्वतःचं छोटं विमान उडवतो, त्याच्या डोक्यात तीन विमानांची तीन गेट असतात, आणि ताणाखाली डोकं जो आकडा सगळ्यात जास्त वापरलाय तो पुढे करतं. म्हणून मी गेटचे दोन आकडे प्रत्येक उड्डाणाआधी गुडघ्यावरच्या पॅडवर नव्याने लिहायला लावतो आणि कॉकपिटमध्ये बसून इंजिन सुरू करण्याआधी मोठ्याने म्हणायला लावतो. काही जणांना हे शाळकरी वाटतं. मी ऐकत नाही.

आकड्यांची गल्लत फक्त जुन्या विमानांत होते असंही समजू नका. २००३ मध्ये आयडाहोच्या माउंटन होम तळावर अमेरिकेच्या थंडरबर्ड्स पथकातल्या वैमानिकाने एफ-१६ मध्ये उलटं होऊन खाली ओढण्याची कसरत सुरू केली, पण उंचीचा हिशेब आपल्या घरच्या तळाच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर केला. माउंटन होम त्याहून सुमारे हजार फूट उंच आहे. हवी होती जमिनीपासून २५०० फूट, मिळाली १६७० च्या आसपास. आदळायच्या क्षणभर आधी तो इजेक्ट झाला म्हणून वाचला. तुमच्या स्पिटफायरमध्ये इजेक्शन सीट नाही. अल्टिमीटरवर क्यूएफई (धावपट्टीपासूनची उंची दाखवणारा दाब) लावलाय की क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची), हे डाइव्हच्या आधी बोटाने दाखवून तपासा. आणि झपाट्याने चढताना जुना अल्टिमीटर थोडा मागे रेंगाळतो, त्यासाठी गेटमध्ये आधीच जागा ठेवा.

जुळलं नाही तर करायचं काय? पहिलं, ओढ सोडायची. पुढे ढकलायचं नाही, फक्त ओढ सैल. सगळ्यात कठीण भाग हाच, कारण उलटं असताना जमीन डोक्यावर दिसते आणि हात आपोआप मागे जातो. दुसरं, एका बाजूला सलग एलेरॉन देऊन विमान सरळ करायचं. नाक जरा खाली गेलं तरी हरकत नाही, त्याने वेग मिळतो. वेग अगदीच मेला असेल आणि पंख थरथरत असेल तर स्टिक मध्यावर, पाय मध्यावर, नाक आपोआप खाली पडू द्यायचं, वेग आला की जवळच्या क्षितिजाकडे गुंडाळायचं. थ्रॉटलबाबत जेट आणि पंखा यांत फरक आहे. जेटमध्ये पूर्ण ताकद लावा. मोठ्या पंख्याच्या विमानात नव्वद-शंभर नॉटला थ्रॉटल एकदम पुढे ढोसलात तर टॉर्क विमानालाच फिरवेल, ज्या बाजूला तुम्हाला नको त्या बाजूला. तिथे थ्रॉटल आहे तिथे राहू द्या किंवा हळू हलवा. आणि हे सगळं नाक क्षितिजाच्या जवळपास असेपर्यंतच. नाक सरळ खाली झालं की गुंडाळून काही मिळत नाही, मग थरथरीच्या कडेवर ओढत राहणं एवढंच हातात उरतं.

उष्णतेबद्दल इंग्लंडमधले लोक फारसं बोलत नाहीत, पण मी बोलणार, कारण मी पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा तळाच्या उन्हात हंटर उडवलंय. १५ अंशांऐवजी ४० अंश असतील तर हवा सुमारे आठ टक्के विरळ होते. काट्यावर तोच वेग ठेवलात तरी खरा वेग जास्त असतो आणि लूप जवळजवळ नऊ टक्क्यांनी मोठा होतो. तीन हजार फुटांच्या लूपमध्ये हे पावणेतीनशे फूट झाले. वर जेटचा जोर गरम हवेत पडतो तो वेगळाच. इंग्लंडमध्येही आता जुलैत पस्तिशी गाठणारे दिवस येतात. एप्रिलच्या थंडीत सराव करून पक्का केलेला गेट त्या दिवशी वर सरकवायला हवा.

सांगाड्याबद्दल थोडक्यात. ही विमानं काही वर्षं टिकावीत म्हणून बांधली होती, ऐंशी वर्षं कुणाच्या मनातही नव्हती. २००५ मध्ये फ्लोरिडात हार्वर्डच्याच जातीच्या एका विमानाचा पंख हवेत तुटला. पंख जिथे जोडतात त्या खालच्या अँगलमध्ये थकव्याची चीर होती. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने या जातीच्या सगळ्या विमानांना तिथली तपासणी सक्तीची केली. म्हणून जी कमी ठेवा, जी मीटरचा कमाल काटा उतरल्यावर लॉगमध्ये लिहा आणि ठरल्यापेक्षा जास्त गेला असेल तर लपवू नका. पुढच्या माणसाला त्याच पंखावर बसायचंय. तुमच्या शरीराचंही तसंच. जी सूट (जी वाढला की पाय-पोट आवळणारा पोशाख) नसतो, त्यामुळे पाय आणि पोट आवळून श्वास धरायची सवय डाइव्हमध्येच लागायला हवी, आणि उन्हात रांगेत उभं राहून पाणी न पिता चढलेला माणूस साडेतीन जीलाही करडं बघतो, म्हणजे त्याच्या नजरेतले रंग उडतात.

प्रेक्षकांसमोर उडायचं असेल तर ब्रिटनमध्ये वेगळी डिस्प्ले परवानगी लागते, मूल्यमापन करणारा तुमचं उड्डाण बघून ती देतो, आणि कसरतींची किमान उंची तीत लिहिलेली असते. शोरहॅमनंतर लगेच, २०१५ मध्ये, जुन्या लष्करी जेटना समुद्राऐवजी जमिनीवरून होणाऱ्या शोमध्ये फक्त साधी फेरी मारायची मुभा राहिली, मोठ्या ताकदीच्या कसरती बंद झाल्या. मला स्वतःला हंटर उभं वर जाताना बघायला फार आवडतं, तरीही हा निर्णय योग्य होता असं मी म्हणेन. पंख्याच्या विमानांना लूप मारता येतो, पण म्हणून त्यांचं गेट सोपं होत नाही. १९९२ मध्ये वुडफर्डच्या शोमध्ये ग्रिफन इंजिनाचं एक स्पिटफायर लूपमधून बाहेर येताना उंची कमी पडून जमिनीवर आदळलं आणि वैमानिक गेला.

आता तुम्ही हार्वर्डवर काय करायचं. पहिल्या काही उड्डाणांत लूप मागू नका. पाच-सहा हजार फुटांवर आधी जी लावून स्टॉल मागा, दोन्ही बाजूंनी, पंख पडायच्या आधीचा तो अर्धा क्षण हाताला ओळखीचा होईपर्यंत. मग प्रशिक्षकाला सांगा की मला अर्धवट लूप शिकवा: वर जायचं, टोकाला त्यांनी अचानक ‘गेट नाही’ म्हणायचं आणि तुम्ही बाहेर पडायचं. कधी भरपूर वेग असताना, कधी मुद्दाम कमी वेगाने शिरून. प्रत्येक वेळी टोकाची उंची, वेग आणि बाहेर पडताना गेलेली उंची लिहून ठेवा. त्या कागदावरून तुमचं स्वतःचं गेट तयार होईल, आणि त्यावर पाचशे फूट चढवून सुरुवात करा. हे बाहेर पडणं न विचार करता येऊ लागलं की पूर्ण लूप मारा. हार्वर्डला ताशी १८० मैलांच्या आसपास शिरायचं, तेवढा वेग मिळवायला डाइव्ह लागते.

तुमच्या प्रशिक्षकाने ‘याची काय गरज, तुला लूप येतोच की’ असं म्हटलं तर दुसरा प्रशिक्षक शोधा. आणि स्पिटफायरची वेळ येईल तेव्हा हाच सगळा क्रम पहिल्यापासून, त्या विमानात, त्या इंजिनावर पुन्हा करा. हार्वर्डचा कागद तिथे नेऊ नका.